चार खिशांचं जाकीट

विमान दहा चाळीसचं होतं, म्हणून सरांनी सकाळी सहालाच घर डोक्यावर घेतलं. परीक्षेला मुलांनी तासभर आधी यायचं, ही त्यांची जुनी शिस्त. विमानाला त्यांनी चार तास लावले. विमान काय आपल्याला प्रश्नपत्रिका वाटणार आहे का, असं आजीनं विचारलं. सर निळी फाईल उघडून तिकिटं पाहत होते. त्या फायलीला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती.

सर म्हणजे आजीचा नवरा. चौतीस वर्षं शाळेत, त्यातली बावीस मुख्याध्यापक. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना सरच म्हणायचे. आजीही सर म्हणायची, पण तिच्या 'सर'ला धार असायची, आणि इतक्या वर्षांत ती काही सरांच्या लक्षात आली नव्हती. दुसऱ्याच्या मोज्यात दडलेली बोटभर चिठ्ठी ज्याला दहा पावलांवरून दिसते, त्याला बायकोच्या आवाजातलं एवढंही कळू नये, याचं आजीला पहिली काही वर्षं वाईट वाटलं. मग हसू यायला लागलं. आताशा नुसती जांभई यायची.

चिठ्ठ्या पकडायचं सरांना व्यसनच होतं. परीक्षेच्या दिवशी ते वर्गाच्या दारात उभे राहायचे आणि एकेका पोराला पिळून मगच आत सोडायचे. मोजे उलटे कर, बाही उलगड, कंपासपेटी पालथी कर, रिबीन सोड, जीभ वर कर. पोरांनी त्यांचं नाव 'घार' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही. घरी जेवताना ते शिकारीच्या गोष्टी सांगत बसायचे: अमक्याच्या बुटाच्या टाचेत सापडली, तमकीच्या वेणीत सापडली, एका बहाद्दरानं तर मोडलेल्या हाताच्या प्लॅस्टरमध्ये घातली होती. आजी वाढत राहायची. घ्या अजून थोडं, एवढी शिकार करून दमला असाल, असं म्हणायची, आणि सर खरंच घ्यायचे.

आजी शिलाईवाली. शाळेचे गणवेश तीच शिवायची. मुख्याध्यापक झाल्यावर सरांनी पहिला हुकूम काढला तो हा, की गणवेशाला खिसे नकोत. खिसा आला की चिठ्ठी आली. त्या दिवसापासून आजीनं बावीस वर्षं बिनखिशाचे शर्ट, बिनखिशाच्या चड्ड्या आणि बिनखिशाचे फ्रॉक शिवले, आणि गावभरच्या पोरांनी बावीस वर्षं बाहीला नाक पुसलं. रुमाल ठेवायचा कुठे, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. चिठ्ठ्या काही थांबल्या नाहीत, त्या मोज्यात गेल्या. उंटावरच्या शहाण्याला हे सांगणार कोण?

एका गोष्टीचं मात्र आजीला कधी हसू आलं नाही. दहा वर्षांचं एक पोर होतं, कपडे इस्त्री करणाऱ्या बाईचं. सरांनी त्याला भर व्हरांड्यात शर्ट काढायला लावला, मग बनियन काढायला लावला. सापडलं काहीच नाही. पोरानं भीतीनं चड्डी ओली केली आणि सगळ्या वर्गानं ते पाहिलं. संध्याकाळी त्याची आई घरी आली. ती ओरडली नाही, फक्त विचारत राहिली, की माझ्या लेकराला चोर समजलात का. सर खुर्चीवरून हललेही नाहीत. ज्याच्याकडे काही नाही त्याला झडतीची भीती नाही, एवढं म्हणाले आणि पेपर तपासायला लागले. आजी आतल्या खोलीत मशीनवर होती. तिची शिवण वाकडी गेली, ती तिनं उसवली, पुन्हा घातली, आणि बाहेर जाऊन त्या बाईला पाणीसुद्धा विचारलं नाही. आपण तेव्हा मूग गिळून बसलो, हे तिला अजून टोचायचं.

तर असे हे सर. आणि या सरांना नाचवणारी एकच व्यक्ती जगात होती. ती म्हणजे भिंगरी, साडेचार वर्षांची नात. एका जागी दोन मिनिटं उभी राहिली तर आजी कपाळाला हात लावून ताप बघायची. तिच्यासाठी आजीनं निळ्या जाड कापडाचं जाकीट शिवलं होतं, आणि त्याला चार खिसे लावले होते. दोन बाहेरून, दोन आतून. बावीस वर्षांची उधारी होती ती. सरांनी जाकीट पाहून नाक मुरडलं होतं, पण नातीपुढे त्यांचं काय चालणार?

सरांचा आणि भिंगरीचा रोज संध्याकाळी एक खेळ असायचा, परीक्षा-परीक्षा. त्यात सर व्हायचे विद्यार्थी आणि भिंगरी व्हायची सर. विद्यार्थ्यानं अंगावर कुठेतरी चिठ्ठी लपवायची. मग भिंगरी कमरेवर हात ठेवून यायची, मोजे बघायची, बाह्या बघायची, चष्म्याचं घर उघडायची. चिठ्ठी सापडली की बोट वर करून म्हणायची, 'चिठ्ठी सापडली. पेपर संपला. घरी जा.' हे वाक्य सरांचं. शाळेत ते त्यांनी शेकडो पोरांना ऐकवलं होतं. मग सर भोकाड पसरल्याचं सोंग करायचे आणि भिंगरी हसून हसून जमिनीवर लोळायची. नाटकात सर अगदीच सुमार होते. डोळ्यांवर मुठी चोळून ऊं-ऊं करायचे, म्हैस हंबरल्यासारखं. भिंगरी नाराजही व्हायची. आजोबा, नीट रडा ना, असं सांगायची.

आज या भिंगरीला तिच्या आईकडे पोचवायचं होतं. तिची आई म्हणजे आजीची एकुलती एक लेक, नर्स. तिचा नवरा नावापुरता होता आणि नंतर नावापुरताही उरला नाही, तेव्हा तिनं दूरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी धरली. घर लागलं की भिंगरीला नेते, असं म्हणून गेली, त्याला अकरा महिने झाले. आता दोन खोल्यांचं घर लागलं होतं, शेजारच्या बालवाडीत नाव घातलं होतं, एक छोटा पलंग घेऊन लेकीनं तो स्वतः पिवळा रंगवला होता. पलंगाचा फोटो तिनं आजीला चार वेळा पाठवला. दर वेळी वेगळी चादर घालून.

सरांचा याला विरोध होता. तिथली हवा वाईट, इस्पितळाच्या पाळ्या वाईट, अक्षर कोण गिरवून घेणार, आणि एकटी बाई काय काय बघणार. अकरा महिने ही टकळी चालू होती. लेक फोनवर रडायची, सर फोन ठेवून द्यायचे. आणि तीन आठवड्यांपूर्वी काय झालं कोण जाणे, सर एकदम लोण्यासारखे मऊ झाले. ठीक आहे, आपणच पोचवून येऊ, म्हणाले. तिकिटंही त्यांनीच काढली. आजीनं लेकीला फोन करून सांगितलं तेव्हा दोघी मायलेकी बराच वेळ नुसत्या नाकं ओढत राहिल्या.

इतक्या सहज हा माणूस वाकला, तेव्हाच आजीला खटकायला हवं होतं. एक गोष्ट खटकलीही होती. परवा मशीनच्या खणात गडद निळ्या दोऱ्याचं रीळ पडलेलं दिसलं, आणि दोऱ्याचं टोक खाचेत अडकवलेलं नव्हतं. चाळीस वर्षांत आजीनं एकही रीळ असं मोकळं टाकलेलं नाही. भिंगरीचा उद्योग असेल म्हणून तिनं टोक अडकवलं आणि विषय सोडून दिला.

विमानतळावरच्या तपासणीच्या रांगेत उभं राहिल्यावर आजीला वाटलं, सगळ्या शाळांच्या पालकसभा आज इथेच भरल्यात. पुढे एक बाप आपल्या बाळाची झडती मोबाईलवर टिपत होता. बाळ रडत होतं, आणि त्याला उचलून घ्यायचं सोडून हा पठ्ठ्या कोन बदलत होता. त्याच्यामागच्या बाईनं आपल्या मुलाला आधी बजावलं, की हलू नकोस, मग तो हलला म्हणून चापट मारली, मग रडला म्हणून दुसरी मारली, आणि मग तपासणाऱ्या मुलीलाच सुनावलं, की पोरांना हात लावताना जरा प्रेमानं लावत जा. एका कोटवाल्यानं आपण कोण आहोत हे तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याच्या लहान मुलीनंच विचारलं, बाबा, आपण कोण आहोत? आजीनं पदर तोंडाला लावला.

तपासणारी मुलगी पंचविशीची असेल. सर्दीनं नाक लाल झालेलं, पण हात शांत. लहान मूल आलं की गुडघ्यावर बसायची, हातातलं यंत्र आधी स्वतःच्या बाहीवरून फिरवून दाखवायची, मग मुलाच्या अंगावरून फिरवायची. अंगाला बोट लावण्याआधी सांगायची, की आता खांद्याला लावते, आता पाठीला लावते. आजीला तिचं काम आवडलं. चांगला हात कोणता ते शिवणारणीला लगेच कळतं.

भिंगरीचा नंबर आला तेव्हा ती स्वतःच दोन्ही हात पसरून उभी राहिली. तिच्यासाठी तर हा घरचाच खेळ. मोजे बघायचे का, असंही तिनं विचारलं. तपासणारी मुलगी हसली. चारी खिसे रिकामे झाले: लाल बटण, खडूचा तुकडा, रिकामं रीळ, अर्धं बिस्किट, बसचं जुनं तिकीट. यंत्र खिशांवरून गप्प गेलं, आणि पाठीमागे जाकिटाच्या खालच्या काठाशी आलं तेव्हा किरकिरलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा किरकिरलं. पोरीनं सांगितलं, जाकीट काढून जरा बघावं लागेल.

आणि तिथे सरांचा भडका उडाला.

ते पलीकडून पट्टा हातात धरून धावत आले. पँट एका हातानं सावरत आणि दुसऱ्या हाताचं बोट नाचवत त्यांनी जे भाषण ठोकलं, तसं शाळेच्या वार्षिक समारंभातही ठोकलं नसेल. साडेचार वर्षांचं निष्पाप लेकरू, चारचौघांत तिचे कपडे काढता, लाज नाही वाटत, हा बालमनावर आघात आहे, मी चौतीस वर्षं शिक्षक होतो, मला मुलं कळतात. रांगेला तेवढंच हवं होतं. मोबाईलवाल्या बापानं मोबाईल इकडे वळवला. चापटवाल्या बाईनं, बरोबर बोलताय काका, म्हणून साथ दिली. कोटवाला तर टाळी वाजवायच्याच बेतात होता. ज्यांनी आपल्या पोरांसाठी तोंड उघडलं नव्हतं, ते सगळे दुसऱ्याच्या पोरीसाठी एकदम वाघ झाले.

'तुम्ही माझ्या नातीला चोर समजता का?' सर गरजले.

आजीच्या हातातली चप्पल तशीच राहिली. हे वाक्य तिनं ऐकलं होतं. हेच शब्द, फक्त आवाज हळू होता, आणि दाराशी इस्त्रीच्या चटक्यांचे डाग पडलेले दोन हात होते.

भिंगरी बिचारी बघत होती. तिला ना आघात झाला होता ना काही. आजोबा का ओरडतात, एवढंच तिला कळेना, आणि ती जाकिटाची बटणं स्वतःच काढायला लागली होती. सरांनी तिचे हात धरले आणि बटणं परत लावली.

तेवढ्यात तपासणाऱ्यांचा वरिष्ठ अधिकारी आला. जाडजूड, झोप अपुरी झालेला माणूस. त्यानं शांतपणे समजावलं, की जाकीट काढायला आजीच काढतील, आडोशाला काढू, पण तपासल्याशिवाय मूल पुढे जाणार नाही. दहा वीसला विमानाचं दार बंद होणार. नको असेल तर तुम्ही परत जाऊ शकता. नऊ पंचावन्न झालेच होते, कारण चार तास आधी आलेल्या सरांनी तीन तास बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं; आत गर्दी असते म्हणे.

'मग आम्ही जात नाही,' सर म्हणाले. 'चल गं, घरी जाऊ. अपमान करून घ्यायचा नाही.'

एवढ्या झटक्यात म्हणाले, की आजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागावलेल्या सरांना ती चाळीस वर्षं ओळखत होती. राग आला की त्यांचे कान लाल व्हायचे. आत्ता कान पांढरे होते आणि ओठावर घाम होता. परीक्षेच्या दारात पोरं अशीच दिसायची, असं सर स्वतःच रंगवून सांगायचे: ओरडतो जास्त त्याच्या मोज्यात बघावं. चोराच्या मनात चांदणं, हे तर त्यांचं आवडतं वाक्य.

एकदा हे दार मागे पडलं की लेकीचा पिवळा पलंग तसाच राहणार. पुढच्या वेळी हवा वाईट असेल, त्याच्या पुढच्या वेळी परीक्षा असेल, आणि मग भिंगरीच आईला ओळखेनाशी होईल. अकरा महिन्यांत ती आईला फोनमधली बाई म्हणायला लागलेलीच होती. इस्त्रीवाल्या बाईच्या वेळी आपण मशीनमागे लपलो, पण इथे लपायला मशीन नाही, असं काहीसं तिच्या मनात आलं. ती पुढे झाली.

'ज्याच्याकडे काही नाही, त्याला झडतीची कसली भीती, सर?' ती म्हणाली.

या वेळी मात्र धार सरांना लागली. त्यांच्या हातातला पट्टा खाली पडला, तो उचलायला ते वाकले. त्या अवधीत आजीनं नातीला आडोशाला नेलं, जाकीट काढलं आणि खालचा काठ दोन बोटांत धरला. कापड काय बोलतं ते तिच्या बोटांना डोळ्यांपेक्षा आधी कळायचं. शिवणीत काहीतरी चपटं होतं, करकरणारं. तिनं काठ उलटा करून पाहिला. तिचे टाके तांदळाच्या दाण्यासारखे असायचे, एकसारखे. इथे वीतभर जागेत कोणीतरी कुदळीनं टाके घातले होते. एक लांब, एक आखूड, मध्येच दोन एकमेकांवर चढलेले. दोरा गडद निळा, तिच्याच रिळाचा.

'ही माझी शिवण नाही,' तिनं तपासणाऱ्या मुलीला सांगितलं. 'उसवा.'

पोरीनं पातीनं टाके कापले. आतून चंदेरी कागदाची पुडी निघाली. जाकीट धुतलं तरी भिजू नये म्हणून गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी चढवली होती, आणि तिच्यामुळेच यंत्र किरकिरत होतं. पट्टीच्या आत घडी घातलेली चिठ्ठी. आजीचा चष्मा तिकडे ट्रेमध्ये पडला होता, म्हणून पोरीनंच चिठ्ठी उलगडली आणि सर्दीच्या आवाजात, नियमाची पाटी वाचावी तशी वाचली. सरांची सवय, मुद्दे क्रमांकानिशी होते.

'एक. या मुलीचा पालक मी आहे. दोन. मुलगी कोठे आढळल्यास फक्त खालील क्रमांकावर कळवावे. तीन. मुलीला तिच्या आईच्या ताब्यात देऊ नये. आई पाळ्यांची नोकरी करते व सांभाळ करण्यास असमर्थ आहे. चार. मुलीचे परतीचे तिकीट याच महिन्याच्या एकोणीस तारखेचे आहे.'

खाली सही होती आणि सहीवर शाळेचा शिक्का. निवृत्त होताना शिक्का परत केला, असं सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

आजीनं शेवटचा मुद्दा पुन्हा वाचायला लावला. मग निळी फाईल मागितली. सर देईनात, तर अधिकाऱ्यानं हात पुढे केला, आणि सरांना ती द्यावी लागली. फायलीत परतीची तिकिटं तीन होती. दोन नव्हे, तीन. लेक तिकडे बालवाडीचं दप्तर आणून बसली होती, आणि हा माणूस तिला नऊ दिवस लेकरू दाखवून परत उचलून आणणार होता. आडवी आली तर पोलिसांना दाखवायला पुरावा लेकराच्याच अंगावर शिवून ठेवला होता. खिसे नकोत म्हणून बावीस वर्षं ओरडला, आणि स्वतः अस्तर फाडलं.

मोबाईलवाल्यानं मोबाईल खाली घेतला होता. सर हळू आवाजात समजावायला लागले, की मी तिच्या भल्यासाठीच केलं, तुला कळत नाही, ती गेल्यावर घरात काय उरणार, संध्याकाळी मी करू काय. हे शेवटचं मात्र खरं होतं. त्या एका वाक्यापुरती आजीला त्यांची दया आली. वाक्य संपलं तशी दयाही संपली.

अधिकाऱ्यानं मुलीच्या आईचा नंबर विचारला. आजीला तो पाठ होता. फोन लागला तेव्हा लेक इस्पितळातून रजा टाकून विमानतळाकडेच निघाली होती, गाडीचे आवाज येत होते. अधिकाऱ्यानं तिला दोन-चार प्रश्न विचारून खात्री केली, की मुलगी तिची आहे आणि आजीबरोबर यायला तिची परवानगी आहे. मग फोन आजीकडे दिला. लेकीला काही कळलेलं नव्हतं, ती विचारत होती, की भिंगरीनं सकाळी खाल्लं का.

'खाल्लंय थोडं. आम्ही दोघी येतोय,' आजी म्हणाली. 'तुझे बाबा येत नाहीत.'

पलीकडून लेकीनं काय विचारलं ते आजीनं ऐकलं नाही, फोन परत दिला. अधिकारी सरांना म्हणाला, काका, तुम्हाला जरा माझ्या खोलीत यावं लागेल, या चिठ्ठीचं लिहून घ्यायचंय, तासभर तरी जाईल. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. तासाभरात काय होणार ते त्यांना बरोबर कळलं.

आजीनं फायलीतून जायचे दोन कागद काढून घेतले. भिंगरीचं परतीचं तिकीट तिनं सरांच्या शर्टाच्या खिशात घातलं. त्यांच्या शर्टाला खिसा होता. तो कायमच असायचा. मग तिनं उसवलेल्या काठाचं जाकीट भिंगरीला घातलं, आणि बटण, खडू, रीळ, बिस्किट, तिकीट, सगळं ज्याच्या त्या खिशात परत ठेवलं.

भिंगरी मघापासून त्या उलगडलेल्या चिठ्ठीकडे बघत होती. तिला चिठ्ठी कळली, पोरगी हुशार होती. मोठी माणसं एवढी का गप्प आहेत, हेही तिला आता कळलं. खेळात पुढचं वाक्य तिचं होतं आणि सगळे तिच्यासाठीच थांबले होते. तिनं एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट सरांसमोर वर केलं, आणि शिकवल्यासारखं खणखणीत म्हणाली,

'चिठ्ठी सापडली. पेपर संपला. घरी जा.'

सरांचा चेहरा आधी तसाच राहिला. मग हनुवटी हलायला लागली, चष्म्याखालून पाणी आलं आणि ते मिशीत उतरलं. त्यांनी डोळ्यांवर मुठी चोळल्या नाहीत की ऊं-ऊं केलं नाही. पट्टा नसलेली पँट एका हातानं धरून ते भर रांगेसमोर उभे राहिले, आणि सगळ्यांनी ते पाहिलं.

आजीनं नातीचा हात धरला आणि ती चालायला लागली. भिंगरी उलटी वळून, एका पायावर उड्या मारत, टाळ्या वाजवत मागे बघत होती. आजोबांनी इतकं छान रडून कधीच दाखवलं नव्हतं.